अळ्यांच्या शेडमध्ये मायनिंग

मला एका जागी बसवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. जेवताना माझा पाय हलतो, आणि बायको म्हणते झोपेतसुद्धा हलतो. लग्नानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत मी पाटोद्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकून बंद केलं, ठिबकच्या नळ्या विकल्या, एका मित्राच्या डीजेत भागीदार झालो, अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या. एक ना धड, भाराभर चिंध्या! आणि दरवर्षी दसरा उलटला की त्या चिंध्या गुंडाळून आम्ही दोघं कारखान्यावर ऊस तोडायला जायचो.

आमच्याकडं, शिरूर कासार-पाटोद्याच्या पट्ट्यात, कोयता मोजतात तो नवरा-बायकोची जोडी धरून. मुकादम विचारतो, "किती कोयते हायत?" म्हणजे किती जोडपी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला सहसा कुणी घेत नाही. त्यामुळं माझा एखादा धंदा बसला की तिलाही निघावंच लागायचं, अंगात ताप असला तरी. आठ हंगाम तिनं असे काढले. पाचटाच्या कोपीत राहायचं, पहाटे फडात उतरायचं, डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीवर फळीवरून चढायचं. आठव्या हंगामात ती फळीवरून घसरली. हाडबीड मोडलं नाही, पण घरी आल्यावर तिनं दोन्ही कोयते पोत्यात बांधून माळ्यावर टाकले आणि म्हणाली, "मी आता पुन्हा कोयता धरनार न्हाई. तुमाला जायचं तर अर्धा कोयता जावा."

तिच्या माहेरी रेशमाचं काम होतं. ती महिनाभर भावजयीच्या हाताखाली राहून शिकून आली. विहिरीजवळच्या एक एकरात तुती लावली, पत्र्याचं शेड उभं केलं, आत लोखंडी रॅक. रेशमाच्या अळ्या लहान असताना दुसरीकडून आणायच्या, वीसेक दिवस तुतीच्या फांद्या खाऊ घालायच्या, मग त्या कोष विणतात आणि ते कोष बीडच्या बाजारात जातात. बॅच निघाली तर घर चालतं. बॅच गेली तर कारखाना. हिशेब इतका सरळ होता, आणि तो तिच्याइतकाच मलाही ठाऊक होता.

शेडमध्ये तिचा हुकूम चालायचा. तंबाखू खाऊन आत यायचं नाही, कारण तंबाखूच्या नुसत्या हातानंसुद्धा अळी मरते. दारात चुन्यात पाय बुडवायचे. डोक्याला वासाचं तेल नको, अंगावर सेंट नको. एकदा माझा थोरला मामा गायछापची पिचकारी मारून थेट आत निघाला, तर हिनं दारात आडवी काठी धरली. मामा म्हणाला, "च्यायला, देवळात सोडत्यात आन् किड्यात सोडीना बाई!" ती म्हणाली, "देव मरत न्हाई, मामा." मामा हसत माघारी गेला. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

पण मला चैन कुठं! फांद्या कापा, टाका, अळ्यांची विष्ठा काढा, पुन्हा फांद्या कापा. रोज तेच. अशात मोबाईलवर मला मायनिंगचे व्हिडिओ दिसायला लागले. एका लोखंडी चौकटीवर ओळीनं कंप्युटरची ग्राफिक्स कार्डं टांगलेली, पंखे गरगरतायत, आणि एक पोरगा हसत हसत सांगतोय की ही मशीन दिवसरात्र गणितं सोडवते आणि तुम्ही झोपलेले असताना तुमच्या खात्यात क्रिप्टोची नाणी पडतात. झोपलेले असताना! आठ हंगाम ऊस तोडलेल्या माणसाला असं कुणी सांगितलं तर त्यानं काय करावं?

खरं तर जत्रा तेव्हा उठली होती. कार्डांवर काढायचं जे मोठं नाणं होतं, ते तसं काढणं बंद झालेलं, आणि म्हणूनच मोठ्या शहरातली पोरं वापरलेली कार्डं ऑनलाईन कवडीमोल विकत होती. मला तेवढंच दिसलं की कार्डं स्वस्त झालीत. ती कावून स्वस्त झालीत, हे मी स्वतःला विचारलंच नाही. बारकी बारकी नाणी अजून निघतात म्हणत होते, मला तेवढं पुरं होतं. कोंबड्या विकून हातात आलेलं होतं त्यात सहा कार्डं मागवली. एक राजस्थानातून, दोन दिल्लीकडून, बाकीची कुठून कुठून. बोर्ड, पॉवर सप्लाय, कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वायरी, सगळं सुटं सुटं.

ते दिवस आठवले की अजून छातीत धडधडतं. पार्सल निघालं, पार्सल नागपूरला पोचलं, पार्सल तीन दिवस एका जागी थांबलं. मी शेतात, मी विहिरीवर, मी कुणाच्या तरी दहाव्याला बसलेलो, आणि दर पाच मिनिटांनी मोबाईल काढून बघतोय. कुरिअरवाले आमच्या गावात येत नाहीत. "ग्राहक घरी सापडला नाही" असं लिहून मोकळे होतात आणि मग फोन करतात, "पाटोद्याला येऊन घेऊन जा." मी चौदा किलोमीटर गाडी दामटत जायचो. एकदा चिडून म्हणालो, "मी घरी सापडलो न्हाई मंजी? तू आलतास कधी बे?" तो शांतपणे म्हणाला, "सही करा, काका." मी त्याच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठा असेन.

चौकट पाटोद्यातल्या वेल्डरकडून करून घेतली. रॅकच्या उरलेल्या अँगलचीच केली. मशीन चालू झाली त्या संध्याकाळी अर्धा गाव बघायला आला. "नोटा कुठून पडत्यात?" एकानं वाकून खालून बघितलं. दुसरा म्हणाला, "लई तापतंय की रं हे. चहा होईल याच्यावर." तो चेष्टेनं बोलला, पण माझ्या डोक्यात दिवा तिथंच पेटला.

घर आमचं दोन खोल्यांचं. त्यात ती मशीन भुंग्यासारखी घोंगावायची, झोप येईना. आणि थंडी सुरू झालेली. थंडीत अळ्या गारठतात, खात नाहीत, बॅच लांबते, म्हणून लोक शेडमध्ये शेगडी नाहीतर हीटर लावतात. मी म्हणालो, "तुला ऊब पायजे, मला जागा पायजे. मशीन शेडमध्येच लावू." तिनं आधी शेडमध्ये एक चक्कर मारली. मग म्हणाली, "किड्यांला तरास नको व्हायला." मी म्हणालो, "अगं, हीटरचं काम फुकटात होतंय! एका दगडात दोन पक्षी."

आणि झालंही तसंच, हेच तर वाईट झालं. शेडचा अर्धा भाग प्लॅस्टिकनं बंद केला, एका कोपऱ्यात मशीन, बाकी अळ्यांचे रॅक. बाहेर लोक शेकोट्या करत होते आणि आमच्या अळ्या आत मजेत खात होत्या. बॅच दोन दिवस आधी निघाली, कोष टणक, बाजारात चांगला भाव लागला. शेजारच्या वस्तीवरचे लोक विचारायला आले की ही हिकमत काय आहे. मी छाती पुढं काढून सांगायचो. नाण्यांचं म्हणाल तर विजेचं बिल जाऊन चहापाण्यापुरतं उरत होतं, पण मी म्हणायचो, भाव चढू दे, मग बघा.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. शेडमध्ये जाड वायरीची एकच लाईन होती, ती आतली हवा बाहेर फेकणाऱ्या मोठ्या पंख्याची. दुसऱ्या बारीक वायरीला मशीनचा भार पेलेना. म्हणून मी त्या पंख्याची पिन काढली आणि तिथं मशीन लावली. थंडीत पंखा लागतो कशाला, असा माझा हिशेब. म्हणजे पंखा लावायचा तर मशीन बंद करायची, मशीन चालवायची तर पंखा बंद.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पहिल्या बॅचच्या वेळी एकदा तिनं झाडलोट करताना मशीनची पिन काढली. पंधरा मिनिटांसाठी. मी त्या वेळी बीडला गेलो होतो, मोबाईलवरच्या ॲपमध्ये मशीन बंद दिसली. घरी आलो आणि तिला नको नको ते बोललो. माझी आई समोर बसलेली. "अडाणीच र्‍हानार तू," हेही बोललो. "माझ्या मशीनला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो." वर पुठ्ठ्याचा तुकडा कापून त्यावर "हात लावू नये" असं लिहिलं आणि तो बटनावर चिकटवला. तिच्या शेडमध्ये. ती भाकरी थापत राहिली.

पुढच्या बॅचला मी आणखी चार कार्डं चढवली. दहा झाली. पंख्यांच्या तोंडात तुतीच्या पाल्याचा चुरा अडकायचा, मी रोज रंगाच्या ब्रशनं साफ करायचो. अळ्या चौथ्यांदा कात टाकून उठल्या होत्या. हा शेवटचा आठवडा, करंगळीएवढ्या अळ्या, रात्रंदिवस नुसतं खाणं. याच दिवसांत त्या सगळ्यात जास्त खातात आणि सगळ्यात लवकर बिघडतात. तीन दिवस आभाळ होतं, गार वारा होता, मी सगळ्या बाजूंनी प्लॅस्टिक घट्ट केलं. मशीनच्या बाजूला तर पार्सलच्या खोक्यांमधला थर्माकोल ठोकून फटी बुजवल्या.

चौथ्या दिवशी सकाळी ऊन पडलं, आणि दहा वाजता फोन आला की पार्सल पाटोद्याला आलंय. आणखी दोन कार्डं. मी निघालो. ती मागून म्हणाली, "जायच्या आदी त्या अंगाचं प्लॅस्टिक सोडा की, ऊन चढतंय." मी गाडीला किक मारत म्हणालो, "आल्यावर सोडतो."

वापरलेलं सामान ऑनलाईन घेताना एक नियम असतो. पार्सल फोडताना व्हिडिओ काढायचा, खोकं चारी बाजूंनी दाखवायचं, चिकटपट्टी कापण्यापासून वस्तू बाहेर येईपर्यंत मध्ये कुठंही तुटता कामा नये. तुटला तर वस्तू खराब निघाली तरी परत घेत नाहीत. मी स्टँडजवळच्या पानटपरीवर खोकं ठेवलं, टपरीवाल्याच्या हातात माझा मोबाईल दिला आणि ब्लेड लावलं. अर्धी पट्टी कापली असेल, फोन वाजला. व्हिडिओ थांबला. बायकोचा फोन.

मी कट केला. पट्टी तर कापली गेली होती! टपरीवाला म्हणाला, "खालच्या बाजूनं नवीन फोडा, कुणाला कळतंय?" म्हणून खोकं उलटं केलं, पुन्हा व्हिडिओ चालू. पुन्हा तिचाच फोन. या वेळी उचलला आणि ओरडलोच, "काय हाय?"

"आवं, लई उकडाय लागलंय आत. तापमानाचा काटा पस्तिसाच्या म्होरं गेलाय. किडं तोंड वर करायलेत. मशीन बंद करून पंखा लावू का?"

आता ऐका माझं शहाणपण. मी तिला थांब म्हणालो आणि ॲप उघडलं. ॲपमध्ये प्रत्येक कार्डाचं तापमान दिसतं. दहाच्या दहा कार्डं हिरव्या रंगात. कार्डाला पंचाहत्तरपर्यंत काही होत नाही. मी तेवढं बघितलं आणि तिला सांगितलं, "मला हितं सगळं दिसतंय. सगळं बराबर हाय. तो काटा स्वस्तातला हाय, त्याच्यावर जाऊ नको."

"आवं, मी आत हुबी हाय..."

"हात लावू नको म्हनलं ना! मी आलोच."

आणि व्हिडिओ पुन्हा तुटू नये म्हणून मी मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकला. चौदा किलोमीटरवर पानटपरीत उभं राहून मी शेडचा कारभार करत होतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

खोक्यातली दोन्ही कार्डं बरी दिसली. पण एकाचा पंखा हातानं फिरवला तर खरखरत होता. म्हणून जवळच्याच कंप्युटर दुरुस्तीवाल्याकडं गेलो, त्याच्या मशीनला लावून बघितलं, त्यानं चहा मागवला, दुसरं लावून बघितलं. मोबाईल खिशात तसाच. मी विसरलो असं म्हणणार नाही. एकदा हात खिशाकडं गेला होता. वाटलं, चालू केला की पुन्हा कटकट सुरू होईल. तेवढा एक तास मला निवांत हवा होता.

तीन वाजता शेडपाशी पोचलो. ती बाहेरच्या बाजूनं पत्र्यावर बादलीनं पाणी मारत होती. पदर कमरेला खोचलेला, अंग सगळं भिजलेलं. जेवढं प्लॅस्टिक तिला सोडता आलं तेवढं तिनं सोडलं होतं. थर्माकोलची बाजू तिच्यानं निघाली नव्हती, बोटांची नखं फुटली होती. मी आत शिरलो आणि तोंडावर वाफ आली. वारा पूर्ण पडलेला, आणि दहा कार्डं आपली घोंगावत होती. रॅकवरच्या अळ्यांनी खाणं सोडलं होतं. कितीतरी अळ्या डोकं वर करून हलत होत्या, कितीतरींच्या तोंडातून हिरवं पाणी येत होतं. मी पिन ओढली, पंखा लावला. बैल गेला अन् झोपा केला.

मग मी काय केलं असेल? तिच्यावरच ओरडलो. लाज वाटते लिहिताना, पण ओरडलो. "तुला दिसत नव्हतं का? बंद करायची ना मशीन! येवढं बी कळंना का तुला?"

तिनं बादली खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "तुमी न्हाई म्हनालता," ती म्हणाली. "मी सतरा डाव फोन लावला."

नंतर मी मोबाईल चालू केला तेव्हा एकामागून एक मेसेज आले, की या नंबरवरून तुम्हाला फोन येऊन गेले. मी मोजले. सतराच होते.

अळ्या लगेच मरत नाहीत. वाटतं, वाचतील. आम्ही चुना धुरळला, मऊ पाला आणून घातला, रात्री दोघं आळीपाळीनं बसलो. दुसऱ्या दिवशी त्या लांबट, ढिल्या पडल्या. तिसऱ्या दिवशी काळ्या झाल्या आणि वास सुटला. मी बांधाला खड्डा खणला. ती पोत्यांत भरून आणत होती, मी ओतत होतो, वरून चुना टाकत होतो. पाच पोती झाली. दाराजवळच्या दोन रॅकवरच्या अळ्यांनी कोष केले खरे, पण पोचट, बोटानं दाबले तर दबत होते. बाजारातल्या माणसानं ते हातात घेऊन परत ठेवले.

मला वाटत होतं ती आता बोलेल. भांडेल, शिव्या घालेल, माहेरी जाईल. काहीतरी करेल. मी तर तयारच होतो. शिव्या दिल्या असत्या तर मला लई बरं वाटलं असतं. पण तिनं शेड ब्लीचिंगनं धुतलं, रॅक पुसले आणि शिडी लावून माळ्यावर चढली. पोतं खाली टाकलं त्याचा आवाज मी अंगणातून ऐकला. मला तिथंच रडू आलं, आणि ते लपवायला मी गाडी काढून उगाच गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आलो.

हंगाम अर्धा सरला होता, तरी मुकादमाला एक जोडी कमी पडत होती. तो आला आणि माझ्याकडं न बघता तिलाच म्हणाला, "मग काय, धरायचा का एक कोयता?" ती म्हणाली, "धरा."

निघायच्या आधी मी सगळी कार्डं विकायला टाकली. घेणारा विचारायचा, "मायनिंगला वापरलंय का?" सगळे लिहितात, फक्त गेम खेळायला वापरलं. मला ज्यांनी विकली त्यांनीही तसंच लिहिलं होतं. मीही तसंच लिहिलं. आठवड्यात गेली.

तीन महिने आम्ही फडात होतो. ती तोडायची, मी मोळ्या बांधायचो, ट्रॉलीवर मोळ्या मीच चढवायचो. तिला मी एकदाही फळीवर जाऊ दिलं नाही. ती म्हणायची, "येवढं काय करताव, मला जमतंय." मी ऐकलं नाही. त्यानं काही भरपाई होत नसते, पण तेवढंच माझ्या हातात होतं.

परत आल्यावर तिनं पुन्हा बॅच घेतली. मग दुसरी, तिसरी. तिन्ही निघाल्या. यंदाच्या हंगामात मुकादम आलाच नाही, त्यालाही कळलं असेल. मी आता तिच्याबरोबर तुती कापतो. पाय अजून हलतो, मोबाईलवर अजून काय काय बघतो, पण शेडमध्ये माझी एकही वस्तू नाही. पंख्याची पिन पंख्यालाच आहे आणि तो पुठ्ठा मी माझ्या हातानं चुलीत घातलाय. तिला सांगितलंही, देवासमोर उभं राहून सांगितलं, की हे तुझं शेड, तुला वाटेल तसं कर, मला विचारू नको. ती "बरं" म्हणाली.

परवा आम्ही फांद्या टाकत होतो. ऊन चढलं आणि आत उकडायला लागलं. ती काट्याकडं बघून पंख्याच्या बटनापाशी गेली. बटनावर बोट ठेवलं, थांबली, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लावू का?"

"अगं, लाव की," मी म्हणालो. "विचारतीस कावून?"

तिनं पंखा लावला. काल पुन्हा विचारलं.